घरच्या ध्वनिमुद्रणातील आवाज आणि त्याची निगा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

या व्याख्यानमालेत आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्याच व्यासपीठावरून माझ्यासारख्या कापड दुकानदाराने ध्वनिमुद्रणाविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. मी अभियंता नाही आणि गायकही नाही. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात लोकांचे आवाज टिपून ठेवण्याचा छंद मी गेली तीस वर्षे जोपासला. त्यात पुष्कळ चुका केल्या आणि त्या चुकांनी जे शिकवले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

निमित्त असे की, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजातील स्तोत्रे, स्तवने आणि आठवणी ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात जतन कराव्यात, असे ट्रस्टने यंदा ठरविले. बऱ्याच घरांतून मुद्रणे येऊ लागली आणि त्याबरोबर प्रश्नही येऊ लागले. "आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?" "आजींचे काही शब्द ऐकूच येत नाहीत, काही एकदम कानावर आदळतात, काय करावे?" या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः दोन साधनांत आहेत. एकाचे नाव इक्वलायझेशन आणि दुसऱ्याचे कॉम्प्रेशन. ही साधने आज कोणाच्याही संगणकावर विनामूल्य मिळतात. ती कशी वापरावीत, आणि कुठे थांबावे, हा आजचा विषय आहे.

एक चूक, आरंभीच

थांबण्याचे महत्त्व मला कसे कळले, ते आधी सांगतो. माझ्या आत्याबाईंना भक्तामर स्तोत्र मुखोद्गत होते. सकाळची कामे उरकली की त्या देवघरासमोर बसून ते म्हणत. २००९ साली मी एक छोटा डिजिटल रेकॉर्डर घेतला आणि त्यांचे चार वेगवेगळे पाठ मुद्रित केले. खोलीत पंखा चालू होता, शेजारी स्वयंपाकघर होते. मुद्रणे ऐकल्यावर मला त्यांत दोषच दोष दिसले. नवीन सॉफ्टवेअर हाती आले होते, उत्साह होता. मी पंख्याचा आवाज पूर्ण पुसला, शब्द ठळक व्हावेत म्हणून वरच्या पट्ट्या भरपूर वाढविल्या, आणि मोठा-लहान आवाज एकसारखा व्हावा म्हणून कॉम्प्रेशन अगदी आवळून लावले. मग जागा वाचविण्यासाठी मूळ फाइली पुसून टाकल्या आणि ही 'सुधारलेली' मुद्रणे तेवढी ठेवली.

तीन वर्षांनी आत्याबाई गेल्या. तेराव्यानंतर आत्येबहिणीने मुद्रण मागितले. तिने ते ऐकले, पुन्हा लावले आणि म्हणाली, "दादा, शब्द सगळे कळतात रे, पण ही आक्का वाटत नाही."

ती म्हणाली ते खरे होते. आत्याबाई प्रत्येक चरणाच्या अखेरीस आवाज खाली नेत. काही श्लोकांपूर्वी क्षणभर थांबून श्वास घेत. काही ठिकाणी आवाज इतका हळू होई की, त्या स्वतःशीच म्हणत आहेत असे वाटे. तो हळू आवाज अशक्तपणाचा नव्हता, तो भावाचा होता. मी तो ओढून इतरांच्या बरोबरीला आणला होता. श्वास तर गोंगाट समजून पुसलाच होता.

चारपैकी एक पाठ मात्र केवळ माझ्या आळसामुळे वाचला. त्यावर काम करायचे राहून गेले होते आणि तो मूळ स्वरूपात रेकॉर्डरच्या कार्डावर शिल्लक होता. पुढे जे सांगणार आहे, ते त्याच पाठाच्या आधारे. तो मी २०१९ साली पुन्हा हाती घेतला.

(येथे मूळ मुद्रणाचा एक मिनिटाचा भाग ऐकविण्यात आला.)

आधी खोली, मग यंत्र

आपण आत्ता जे ऐकले त्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत : आत्याबाईंचा आवाज, खोलीचा आवाज आणि पंख्याचा आवाज. आपल्या घरांत फरशी, सपाट भिंती आणि लोखंडी कपाटे असतात. या पृष्ठभागांवरून आवाज परत फिरतो आणि थोड्या उशिराने माईकपर्यंत पोहोचतो. 'डब्यातून आल्यासारखा' आवाज म्हणतो तो बहुतांशी हाच. कोणत्याही सॉफ्टवेअरने तो पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. म्हणून मुद्रण करण्यापूर्वीची पाच मिनिटे नंतरच्या पाच तासांपेक्षा मोलाची आहेत.

जाड सतरंजी अंथरावी. बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागे दोरीवर गोधडी किंवा रजई टाकावी. कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याजवळ बसविले तरी फरक पडतो. पंखा दहा मिनिटे बंद ठेवावा. माईक किंवा फोन तोंडापासून एक-दीड वीत अंतरावर, पण किंचित बाजूला असावा. अंतराला मोठे महत्त्व आहे. माईक दुप्पट लांब नेला की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. किंचित बाजूला म्हणण्याचे कारण असे की, प, फ, ब, भ ही अक्षरे उच्चारताना तोंडातून वाऱ्याचा झोत बाहेर पडतो. आपल्या स्तवनांत 'प्रभू', 'पार्श्व', 'भक्ती', 'भगवान' हे शब्द पदोपदी येतात. समोर धरलेल्या माईकवर प्रत्येक वेळी धप्प असा आवाज उमटतो.

मुद्रणाची पातळीही सांभाळावी. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही सर्वांत वरची मर्यादा. सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील असे पाहावे. शून्याला धडकलेला आवाज चिरकतो आणि तो नंतर इक्वलायझरने दुरुस्त होत नाही. हळू झालेले मुद्रण मात्र मोठे करता येते.

इक्वलायझेशन : कमी-जास्त करण्याचे शास्त्र

इक्वलायझर हा शब्द आपल्याला नवा नाही. पूर्वी घरोघरी टेपरेकॉर्डर होते. त्यांपैकी काहींवर उभ्या सरकपट्ट्यांची एक रांग असे आणि मुले त्या वर-खाली करून नक्षी करीत. ते इक्वलायझरच होते. 'बास' आणि 'ट्रेबल' या दोन चकत्याही त्याचेच साधे रूप. शब्दाचा उगम टेलिफोनच्या काळातला. लांबच्या तारांतून जाताना आवाजातील वरचे स्वर अधिक क्षीण होत. ते भरून काढून सर्व स्वर पुन्हा समान करायचे, म्हणजे 'इक्वल' करायचे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे या साधनाचा जन्मच मुळी वाटेत झालेली हानी भरून काढण्यासाठी झाला. पुढे १९७२ साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध वाचला. कोणता स्वर, किती रुंद पट्टा आणि किती कमी-जास्त, या तिन्ही गोष्टी हव्या तशा ठरविण्याची ती पद्धत आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते.

मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपने. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असतो. त्यावर त्याच स्वराच्या पटींचे अनेक उपस्वर उभे असतात आणि त्यांच्या मिश्रणावरून आपण माणूस ओळखतो. हा पट्टा खालून वर असा चढत जाऊ.

८० हर्ट्झच्या खाली बोलण्याचे फारसे काही नसते. तिथे असतो तो रस्त्यावरील ट्रकचा घरघराट, टेबलाला लागलेला धक्का, 'प'चा झोत आणि आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. हाय-पास फिल्टर नावाची सोय हे सारे खालून छाटते. पुरुषाच्या आवाजासाठी ७० ते ८० आणि स्त्रीच्या आवाजासाठी १०० हर्ट्झच्या आसपास ती लावावी. हे एवढेच केले तरी मुद्रणावरची धूळ झटकल्यासारखे वाटते.

२०० ते ५०० हर्ट्झ हा भाग फार नाजूक आहे. लहान खोलीचा घुमारा येथेच साचतो, म्हणून तो ३-४ डेसिबलने कमी केला की आवाज मोकळा होतो. परंतु हाच भाग आवाजाची ऊब आहे. शिवाय म, न आणि अनुस्वार यांचा गुंजारव २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हा भाग खरवडून काढला आणि आत्याबाईंचे सगळे अनुस्वार कोरडे पडले. मंत्रपाठात अनुस्वार घुमला नाही तर उरते काय?

८०० ते १,२०० हर्ट्झमध्ये काही आवाजांचा नाकातला किंवा भोंग्यासारखा भाग असतो. तो टोचत असेल तरच दोन डेसिबल कमी करावा. २,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये शब्दांची स्पष्टता असते. स्वर हे खालचे आणि बळकट असतात, व्यंजने वरची आणि क्षीण. वयोमानाने कान वरचे ध्वनी आधी गमावतात. म्हणून आपले ज्येष्ठ म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." त्यांच्यासाठी या भागात २-३ डेसिबलची वाढ उपकारक ठरते. त्याहून जास्त दिली की आवाज टोकदार होतो आणि दहा मिनिटांत कान थकतो.

त्यावर ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपास 'स'चा शिट्टीसारखा भाग येतो. 'श'चा जोर त्याहून थोडा खाली सुरू होतो. स्पष्टतेसाठी वरचा भाग वाढविला की हे ऊष्म वर्ण सापासारखे फुत्कारू लागतात. त्यांना आवरण्यासाठी डी-एसर असतो. तो फक्त 'स' येताच तेवढ्या पट्ट्याचा आवाज दाबतो.

आता पद्धत. प्रथम डोळे मिटून संपूर्ण मुद्रण एकदा ऐकावे आणि काय खटकते ते कागदावर लिहावे. 'घुमतो', 'नाकात वाटतो', 'शब्द बोथट' असे साधे शब्द पुरेत. मग त्याच दोषाची जागा शोधावी. त्यासाठी एक अरुंद पट्टा थोडा वाढवून हळूहळू खालून वर सरकवावा. जिथे दोष एकदम उफाळून येतो तिथे थांबावे आणि तेथेच कमी करावे. परंतु दोष न ठरवता हा खेळ सुरू केला तर प्रत्येक जागा वाईटच वाटते, कारण अरुंद पट्टा वाढविला की कोणताही आवाज विद्रूप होतो. आणि शक्यतो आधी कमी करावे, वाढवावे नंतर. दोष काढला की बहुधा वाढविण्याची गरज उरत नाही.

येथे कानाच्या एका फसवणुकीपासून सावध करतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी दाखवून दिले की, आपला कान सर्व स्वर सारखे ऐकत नाही आणि आवाज लहान-मोठा झाला की त्याचा कल बदलतो. आवाज मोठा केला की खालचे स्वर अधिक भरून ऐकू येतात. म्हणून कोणताही बदल केल्यावर मुद्रण जरा मोठे झाले तरी ते 'सुधारले' असे वाटते. बदलापूर्वीचे आणि नंतरचे मुद्रण सारख्याच मोठेपणाने लावून तुलना करावी. या एका सवयीने माझ्या निम्म्या चुका टळल्या असत्या.

कॉम्प्रेशन : दोन अर्थांचा एक शब्द

कॉम्प्रेशन हा शब्द ऐकला की अनेकांना फाईल लहान करणे आठवते. एमपीथ्री करणे किंवा व्हॉट्सॲपवरील व्हॉइस नोट, हे त्या अर्थाचे कॉम्प्रेशन. त्यात आवाजातील काही माहिती कायमची टाकून दिली जाते. आपण आज ज्याविषयी बोलत आहोत ते निराळे आहे. त्यात आवाजाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत हळू भाग यांमधील अंतर कमी केले जाते.

ही गरज यंत्राच्या आधीची आहे. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले, तेव्हा माईक नव्हता. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचे आणि त्या कंपनांनीच सुई मेणावर रेघ कोरायची. तार सप्तकात आवाज चढला की भोंग्यापासून मागे व्हायचे, खालच्या स्वरांना जवळ यायचे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झाले तरी ही सवय टिकली. आजही जाणता गायक वरच्या स्वराला माईकपासून मागे होतो. कॉम्प्रेसर तेच मागे-पुढे होणे यंत्राकडून करून घेतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत जिम लॉरेन्स यांनी तयार केलेल्या एलए-टू-ए या यंत्रात तर आतमध्ये एक दिवा होता. आवाज मोठा झाला की दिवा उजळे आणि त्या उजेडाने आवाज आपोआप खाली येई. मानवी आवाजासाठी त्याची सौम्य चाल आजही आदर्श मानली जाते.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. आवाज उंबरठ्याच्या आत असेपर्यंत यंत्र काहीही करीत नाही. दुसरी रेशो, म्हणजे गुणोत्तर. उंबरठा ओलांडलेल्या आवाजाला किती आवरायचे ते यावर ठरते. एक हिशेब करू. उंबरठा उणे २० डेसिबलला ठेवला आणि गुणोत्तर २ : १ घेतले. एक मोठा शब्द उणे ८ पर्यंत गेला, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर. यंत्र त्या १२ चे ६ करील आणि शब्द उणे १४ वर येईल. उणे २६ वरच्या हळू शब्दाला मात्र हातही लागणार नाही. आधी दोघांत १८ डेसिबलचे अंतर होते, आता १२ उरले. मग मेकअप गेन या तिसऱ्या सोयीने सगळेच ५ डेसिबलने वाढविले, तर मोठा शब्द उणे ९ वर आणि हळू शब्द उणे २१ वर येईल. आजींचा हळू शब्द ऐकू येऊ लागला आणि मोठा शब्दही आदळत नाही.

परंतु याच हिशेबात एक खर्च दडला आहे. दोन ओळींमधील पंख्याचा आवाज उणे ५५ वर होता, तोही आता उणे ५० झाला. कॉम्प्रेशन हळू गोष्टी पुढे आणते आणि त्यात निवड करीत नाही. श्वास, पंखा, खोलीचा घुमारा, शेजारचा कुकर, सारेच पुढे येते. म्हणूनच गोधडीचे आणि पंखा बंद ठेवण्याचे महत्त्व आरंभी सांगितले.

चौथी सोय अटॅक आणि पाचवी रिलीज. उंबरठा ओलांडल्यावर यंत्राने आवाज किती वेळात आवरावा, हा अटॅक. तो फार जलद ठेवला तर क, त, ट, प या व्यंजनांचा पहिला आघातच दाबला जातो आणि उच्चार बोबडा, गुळगुळीत वाटतो. १० ते २० मिलिसेकंद ठेवल्यास व्यंजन निसटून पुढे जाते आणि मागचा स्वर आवरला जातो. आवरलेला हात पुन्हा सोडण्यास लागणारा वेळ म्हणजे रिलीज. तो फार कमी असला तर प्रत्येक शब्दानंतर पार्श्वभूमीचा आवाज भस्सकन वर येतो, जणू कोणी धापा टाकीत आहे. १०० ते २०० मिलिसेकंदांनी सुरुवात करावी आणि कानाने ठरवावे.

घरच्या पाठासाठी गुणोत्तर २ : १ किंवा फार तर ३ : १ असावे. मोठ्या शब्दांवर ३ ते ६ डेसिबलची कपात दिसली की पुरे. एखादा शब्द फारच हळू किंवा फारच मोठा असेल, तर तेवढाच निवडून हाताने कमी-जास्त करावा. त्याला वेळ लागतो, पण एका शब्दासाठी संपूर्ण पाठ आवळावा लागत नाही. माझी २००९ मधील चूक नेमकी हीच होती. मी ८ : १ गुणोत्तर लावले आणि उंबरठा इतका खाली ठेवला की, आत्याबाईंचा एकही शब्द त्याखाली राहिला नाही. कुजबूज आणि घोष एकाच पातळीवर आले. चरणान्तीचा उतार गेला. माणूस कोणत्या शब्दाला हळू होतो आणि कोणत्या शब्दाला भरून येतो, हे त्याच्या आवाजात लिहिलेले असते. तो मजकूर मी खोडला होता.

क्रम आणि प्रत्यक्ष काम

आता तो वाचलेला पाठ २०१९ साली मी कसा हाताळला, ते क्रमाने सांगतो. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. ते सर्वप्रथम २००० साली उपलब्ध झाले आणि आजही मिळते.

पहिली गोष्ट, मूळ फाईलच्या दोन प्रती केल्या. एक वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि तिला हात लावला नाही. काम दुसरीवर केले.

दुसरी, हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झवर लावला. हे कॉम्प्रेशनच्या आधीच करायचे असते. नाही तर टेबलाचा धक्का किंवा 'भ'चा झोत उंबरठा ओलांडतो आणि यंत्र उगाच शब्दाला दाबते.

तिसरी, ३५० हर्ट्झच्या आसपास खोली घुमत होती, तेथे ३ डेसिबल कमी केले. २५० ला हात लावला नाही. अनुस्वार राहिले.

चौथी, तीन-चार ठिकाणी शब्द फार मोठे झाले होते, ते हाताने उतरविले. मग २ : १ चे कॉम्प्रेशन, उंबरठा असा की फक्त वरचे शब्द त्याला लागावेत. कपात बहुतेक वेळा ३-४ डेसिबल.

पाचवी, अगदी शेवटी ३,००० हर्ट्झला दीड डेसिबलची वाढ. पंखा मी या खेपेस पुसला नाही, थोडासा कमी केला. श्वास एकही काढला नाही.

(येथे तोच भाग सुधारित स्वरूपात ऐकविण्यात आला.)

आपल्यापैकी काहींना फारसा फरक जाणवला नसेल. मला त्याचा आनंदच आहे. काम झाले आहे हे लक्षात न येता शब्द कळू लागले, तर ते काम नीट झाले. आत्येबहिणीने हा पाठ ऐकला तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून तो तिच्या मुलीला पाठवायला सांगितला.

काही व्यावहारिक सूचना

तपासणी फोनच्या स्पीकरवर करू नये. तो लहान असल्याने खालचे स्वर फारसे देऊ शकत नाही. म्हणून घरी न कळलेला गुणगुणाट सभागृहातील मोठ्या स्पीकरवर एकदम उघडा पडतो. साध्या हेडफोनवर ऐकावे, मग फोनवर, मग शक्य तर मोठ्या स्पीकरवर. तिन्हीकडे शब्द कळले की थांबावे. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक काम करू नये. कान थकला की तो वरचे स्वर वाढवायला सांगतो. रात्री ठरविलेले सकाळी पुन्हा ऐकावे.

फाईल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो अशा एका तासाच्या मुद्रणाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. आजच्या काळात ही जागा क्षुल्लक आहे. ग्रंथालयाकडे पाठविताना ती व्हॉइस नोट म्हणून पाठवू नये. पेन ड्राइव्हवर आणून द्यावी किंवा दस्तऐवज म्हणून पाठवावी. फाईलच्या नावात व्यक्तीचे नाव, वर्ष आणि पाठाचे नाव लिहावे. आणि ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे की, ग्रंथालयाने प्रत्येक मुद्रणाची मूळ प्रत आणि सुधारित प्रत अशा दोन्ही ठेवाव्यात. आज आपल्याला जो गोंगाट वाटतो, त्यातून उद्याचे साधन काही अधिक वाचवू शकेल. पुसलेले मात्र कोणालाच परत आणता येणार नाही.

समारोप

बंधू-भगिनींनो, ही दोन्ही साधने आवाज सुंदर करीत नाहीत. खोलीने जे वाढविले आणि अंतराने जे कमी केले, तेवढेच ती सावरू शकतात. घशातील थरथर, वयाचा खरखरीतपणा, मध्येच विसरलेला आणि पुन्हा आठवलेला शब्द, हे दोष नव्हेत. नातवंडांना पुढे नेमके तेच ऐकावेसे वाटेल.

आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक तरी आवाज आहे. तो टिपण्यासाठी उत्तम माईकची वाट पाहू नये. येत्या रविवारी सकाळी सतरंजी अंथरा, पंखा बंद करा, फोन एक वीत अंतरावर ठेवा आणि त्यांना म्हणू द्या. सुधारणा पुढे कधीही करता येतील. आत्याबाईंचे तीन पाठ मी गमावले, ते माझ्या कपाटात 'स्वच्छ' अवस्थेत आजही आहेत आणि मी ते लावत नाही. तुमच्यापैकी एकाच्या घरी जरी ही चूक टळली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानेन.